मास्तरीणबाईंची लाइन

पणजोबांनी रस्त्यावरचे दिवे लावले, आजोबांनी तारखात्याचे खांब रोवले, वडिलांनी टेलिफोनच्या तारा ओढल्या. आणि त्यांच्याच वंशातल्या केबलकाकू आज भर दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून, अंगठ्यापासून कोपरापर्यंत वेटोळी घालीत, मेलेली केबल गुंडाळत होत्या. तारेवर पक्ष्यांची वाळलेली विष्ठा होती, कोळ्यांची जाळी होती, आणि काळ्या रबराला उन्हाने चिकट घाम फुटला होता. प्रत्येक वेटोळ्याबरोबर काकूंचा तळहात काळा होत होता आणि नाक थोडे अधिक वर जात होते.

"काकू, द्या इकडे. तुम्ही कशाला हात घाण करता?" कावळा म्हणाला.

कावळा हा त्यांचा लाइनमन. पन्नाशी उलटलेला. सारा जन्म खांबांवर आणि गच्च्यांच्या कठड्यांवर गेला म्हणून त्याला हे नाव पडले. खरे नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, शंकाच होती.

"घाण माझीच आहे," काकू म्हणाल्या. "मीच टांगली, मीच उतरवीन. तू ते डबे बघ."

कोपऱ्यात परत आलेल्या सेट-टॉप बॉक्सचा ढीग पडला होता. कावळ्याने एक उचलून फरशीवर आपटला, तशी त्याच्या फटींतून झुरळे बाहेर पडली आणि सैरावैरा धावली. लोकांच्या दिवाणखान्यातली ऊब खाऊन ती चांगली पोसली होती. त्या डब्यांसोबत आलेले रिमोट तर काकू कागदात धरूनच उचलीत. काहींवर तेलाचा थर होता, काहींवर दुधाचा, आणि एकाच्या बटणांमध्ये कोणाच्या तरी नखांचे तुकडे अडकले होते. इतकी वर्षे आपण लोकांच्या घरांत नेमके काय पाठवीत होतो, आणि त्या घरांतून नेमके काय परत आले, असा विचार काकूंच्या मनात येई आणि तो त्या तिथेच थांबवीत. सासूसुनांच्या रडारडीचे आणि बातम्यांतल्या आरडाओरडीचे त्यांनाही काही कौतुक नव्हते. पण धंदा तो धंदा, आणि दिलेला शब्द तो शब्द.

डबा परत करायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोले. "आम्ही हल्ली टीव्ही बघतच नाही हो काकू." आणि त्याच्या गच्चीवर मान वर करून पाहावे, तर नवा कोरा अँटेना, खाऊन टाकलेल्या माशाच्या काट्यासारखा, उभा.

"खोटं बोलावं," काकू म्हणत. "पण डोक्यावर काटा उभारून बोलू नये."

परके सोडून गेले, त्याचे दुःख होते. घरचे फितूर झाले, त्याची किळस होती. मुलाने इंटरनेटवरून चालणारी ती नवी सेवा घरात आणली, आणि तेव्हापासून नातू एका खोलीत कानात बोळे घालून, सून दुसरीकडे मोबाइलवर, मुलगा तिसरीकडे, अशी वाटणी झाली. भांडण न होता घर विभक्त झाले. दिवाणखान्यातला टीव्हीचा पडदा चालू करावा, तर तो आधी विचारी, 'कोण बघत आहे?' खाली चार चित्रे. त्यांतला हिरव्या तोंडाचा, एका दाताचा राक्षस म्हणजे आजी.

"माझ्या घरात येऊन मलाच विचारतो, तू कोण म्हणून!" काकू कडाडल्या होत्या.

तरीही एका दुपारी, घरी कोणी नसताना, त्यांनी रिमोट हातात घेऊन ते सगळे शिकून घेतले होते. हिशेब द्यायला आलेला कावळा दारात उभा राहून पाहत होता. राक्षसावर टिचकी, परवलीचा शब्द, यादी, हवा तो कार्यक्रम, पुढे, मागे, बंद. बघता बघता झाले.

"काकू, तुम्हाला येतं की!"

"न यायला काय झालं? शत्रूच्या घराचं दार उघडता यायला हवं. आत राहायला जायचं नसतं," असे म्हणून त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि हात साबणाने धुतले.

दुकानातला फोन वाजला. पलीकडे मास्तरीणबाईंचा मुलगा होता.

"काकू, आईकडची केबल काढून न्या. गच्चीवरची ती पेटीसुद्धा. मी नवीन सगळं बसवलंय. आज मी इथेच आहे, तर आजच या."

"येते," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग बराच वेळ हातावरचे काळे पुसत राहिल्या. पुसल्याने ते अधिकच पसरले.

त्या बाजूला आता एकच कनेक्शन उरले होते. एका घरासाठी अख्खी लाइन जिवंत ठेवणे शहाणपणाचे नव्हते, हे कावळ्याने दबकत दबकत सुचवूनही पाहिले होते, आणि काकूंनी त्याच्याकडे असे पाहिले होते की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. त्यामागचे कारण कावळ्याला ठाऊक नव्हते. काकू आणि मास्तरीणबाई या दोघींखेरीज कोणालाच ते ठाऊक नव्हते.

यजमान गेले, तेव्हा केबलचा परवाना काकूंच्या नावावर व्हायचा होता. वडिलांनी मुलीच्या हातात पक्कड दिली होती, पाटी दिली नव्हती. तारेचा सांधा डोळे मिटून जोडणाऱ्या काकूंना त्या वेळी अक्षर वाचता येत नव्हते. कचेरीत अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. "मोठ्याने वाचा, मग सही करा." भोवती शेजारपाजारच्या वस्त्यांमधले केबलवाले उभे होते, बाईचा धंदा गिळायला टपलेले. काकूंनी कागद उचलला, आणि ओठ घट्ट मिटून त्याकडे पाहत राहिल्या. सोबत आलेल्या मास्तरीणबाईंनी त्यांच्या मिटल्या ओठांकडे एकदा पाहिले. पुढच्या क्षणी टेबलावरची शिक्क्याच्या शाईची बाटली आडवी झाली आणि कागद जांभळा झाला.

"मुलांना शिकवता म्हणे तुम्ही!" अधिकारी ओरडला. "आधी स्वतःचे हात आवरायला शिका!"

रांगेतली माणसे हसली. त्यांत बाईंच्या विद्यार्थ्यांचे पालक होते. ज्यांच्या नुसत्या नजरेने अख्खा वर्ग गप्प होई, त्या बाई मान खाली घालून म्हणाल्या, "चुकलं माझं."

नवा कागद यायला काही आठवडे लागले. तेवढ्या अवधीत, बंद दाराआड, बाईंनी काकूंना अक्षरे शिकवली, आणि तो कागद काकूंनी मोठ्याने वाचून सही केली. पुढे त्या शाईबद्दल दोघींपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. आभार मानायची काकूंच्या घराण्यात रीत नव्हती. बाईंच्या घरचे चित्र मात्र कधी खरखरले नाही. वस्तीतली वीज गेली तरी कावळा आधी त्या गच्चीवर धावे.

आणि त्याच बाई गेल्या महिन्यात वाण्याच्या दुकानासमोर काकूंच्या अंगावरून निघून गेल्या. काकूंनी हात उचलला होता. बाईंनी ओळख दिली नाही. मुलाने नवे यंत्र आणले की जुनी माणसे दिसेनाशी होतात, असे काकूंनी मनात म्हटले, आणि ते शब्द तेव्हापासून घशाशी आंबत राहिले होते.

कावळ्याला घेऊन बाईंच्या दारात पोचल्यावर काकूंनी घसा खाकरला.

"या वहिनी," आतून आवाज आला. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, केस नेहमीसारखेच नीट बांधलेले. "आणि कावळ्या, चपला बाहेर काढ. एकीचा पट्टा तुटलाय तुझ्या."

"दिसला का बाई तुम्हाला इथून?"

"ऐकू आला. फटक फटक चालतोयस ते."

"आज ओळखलंत म्हणायचं," काकू म्हणाल्या.

बाई उठल्या आणि चहा घेऊन आल्या. किटलीतून ओतताना त्यांनी डाव्या हाताचे बोट कपाच्या कडेवरून आत वाकवले, आणि चहा बोटाला लागल्यावरच किटली सरळ केली. ज्या बाई मुलांची नखे तपासल्याशिवाय वर्गात घेत नसत, त्यांनी पाहुण्याच्या कपात बोट बुडवावे! काकूंनी कप घेतला, आणि ओठांना न लावता बाजूला ठेवला.

मुलगा आतून आला. चाळिशीचा, गोड बोलणारा, सतत मनगटावरच्या घड्याळाकडे पाहणारा. भिंतीवर दारापेक्षा मोठा पडदा लावून ठेवला होता.

"बरं झालं काकू, आलात. आज आईची परीक्षा आहे. तुम्ही परीक्षक."

"कसली परीक्षा?"

"स्पष्टच सांगतो. आईने इथे एकटं राहावं हे मला पटत नाही. माझ्या घरी खोली तयार आहे, बाराव्या मजल्यावर, सगळं हाताशी. पण ती हलायला तयार नाही. मग आमचा करार झाला. हे नवीन यंत्र तिने माझ्यासमोर एकटीने चालवून दाखवायचं. यावरूनच मी तिला रोज फोन करणार, बघणार. जमलं तर राहा. नाही जमलं, तर तिचं एकटीचं भागत नाही हे उघड आहे, मग आजच माझ्याबरोबर चल. घर बंद."

"बाराव्या मजल्यावर," बाई म्हणाल्या, "मी लिफ्टची शोभा वाढवीन."

"आई, चेष्टा नको."

"तुझ्या बाराव्या मजल्यापेक्षा ती बरी." रिमोट त्यांनी मांडीवर दोन्ही हातांत धरला होता.

पडदा उजळला. तोच प्रश्न, तीच निर्लज्ज तोंडे: एक ससा, एक घुबड, एक चष्मेवाली कोंबडी. घरात एकटी राहणारी बाई. तिलाही हा विचारत होता, कोण बघत आहे. काकूंनी नाक मुरडले.

बाईंचा अंगठा बटणांवरून फिरला. जुन्या रिमोटवर आकड्यांची बटणे होती. त्यांची जागा बोटांना पाठ होती. यावर एक गुळगुळीत चकती आणि तीन सारखीच टिंबे. अंगठा चकतीवरून घसरला, पुन्हा वर गेला, दाबला. पडद्यावर चौकट कोंबडीवरून घुबडावर सरकली, एवढेच.

"हं. लागलं बघ," बाई म्हणाल्या.

"काय लागलं, आई? अजून नावच विचारतंय."

"तेच म्हणते मी. नाव विचारतंय." आणि त्या पडद्याकडे पाहून हसल्या. पडद्याकडे म्हणजे पडद्याच्या डावीकडे, जिथे भिंतीवर काहीच नव्हते.

काकूंनी ते पाहिले. वाण्याच्या दुकानासमोर हीच नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. त्या नजरेत गुर्मी नव्हती, काहीच नव्हते. बाजूच्या कपातला चहा काठाच्या बरोब्बर बोटभर खाली थांबला होता. काकूंनी इतक्या दिवसांचा राग गिळला. तो खाली उतरताना फार कडू लागला.

मुलाच्या कपाळावर आठी आली. त्याचा आवाज एकदम हळू झाला.

"आई, इकडे बघ. पडद्यावर खाली काय लिहिलंय? मोठ्याने वाच बरं."

बाईंनी ओठ घट्ट मिटले.

"बंद कर ते!" काकू उभ्याच राहिल्या. त्यांच्या आवाजाने दारातला कावळाही सरळ झाला. "आधी बंद कर. किळस येते मला त्या कोंबडीची."

"काकू, एक मिनिट, मी आईला—"

"आईला काय विचारतोस? मला विचार. अख्ख्या वस्तीत घराघरांत चित्र पोचवलं मी. तुझ्या घरात पोचवलं. तू शाळा बुडवून मारामारीचे सिनेमे बघत बसायचास ते माझ्याच तारेवर. आणि आज मला टीव्ही लावायचा, तर त्याची मनधरणी करायची? गुळगुळीत साबणाच्या वडीसारखा रिमोट, धरावा तर निसटतो, दाबावा तर भलतीकडे पळतो!"

"सोपं असतं हो. तुम्हाला तर सहज—"

"मला येत नाही," काकू म्हणाल्या.

कावळ्याचे तोंड उघडले. काकूंनी त्याच्याकडे पाहिले आणि ते मिटले.

"तुम्हाला येत नाही?" मुलगा म्हणाला. "केबलकाकूंना टीव्ही लावता येत नाही?"

"नाही येत. घरी हाच डबडा आणून ठेवलाय पोराने. नातवाने शिकवलं, सुनेने शिकवलं. डोक्यात शिरत नाही. परवा तासभर धडपडले, आणि शेवटी हात जोडून उठले. तुझ्या आईने निदान घुबडापर्यंत तरी मजल मारली. मी त्या राक्षसापाशीच मेले."

आधी मुलाचे ओठ हलले. मग तो मोकळेपणाने, डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखा हसत सुटला.

"बाप रे! म्हणजे आईचं काही चुकतच नाही. तुम्हा दोघींना एका बाकावर बसवायला हवं. नापासांचा वर्ग!"

"बसव," काकू म्हणाल्या.

"हे मी सगळ्यांना सांगणार हं. वाण्याला तर आधी सांगणार."

"सांग."

काकूंचे कान तापले होते. आयुष्यात 'येत नाही' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते, आणि संध्याकाळपर्यंत ते वस्तीभर झाले असते. दुकानासमोरून जाणारी पोरेही आता हसत जाणार होती. त्यांनी पदर सारखा केल्यागत गळ्याशी हात नेला आणि विचारले, "तुझ्याकडे अँटेना आहे ना? तो काटा?"

"आहे. खोक्यातच आहे. फुकटच्या वाहिन्यांसाठी आणलाय. पण बसवायला—"

"बसवायला मी आहे. त्याला नाव सांगावं लागत नाही. बटण एकदा दाबलं की बातम्या, पुन्हा दाबलं की गाणी. तुझी आई चालवील. आणि रोजचा फोन तू तिला साध्या फोनवर कर. मुलाने आईला फोन करायला पडदा लागत नाही."

गच्चीवर काकूंनी स्वतः सिग्नल वाढवणारी अँप्लिफायरची पेटी उघडली. आत उंदराने घर केले होते; कुरतडलेले रबर, लेंड्या, चिंध्यांच्या मऊ गादीवर वाळून कडक झालेले एक पिल्लू. कावळ्याने तोंड फिरवले. काकूंनी पक्कड आत घातली आणि आपल्या हाताने ओढलेली तार आपल्याच हाताने तोडली. ती कठड्यावरून सापासारखी सळसळत खाली गेली.

"काकू, त्या बाजूची शेवटची होती."

"माहीत आहे. तो पाइप धर."

तिथेच, त्याच पाइपला, त्यांनी अँटेना घट्ट आवळला. जवळून पाहता तो काटा इतकाही वाईट नव्हता. पत्रा मात्र पातळ होता आणि स्क्रू अगदीच भिकार. त्यांनी स्वतःच्या पिशवीतले जाड स्क्रू लावले.

"काकू," कावळ्याने न राहवून विचारले, "त्या दिवशी तर तुम्ही सगळं बघता बघता—"

"कावळ्या, तुझं घर माझ्या दुकानावर चालतं ना?"

"हो काकू."

"मग मी जे बोलले, ते तू ऐकलंस. मी जे केलं, ते तू पाहिलंच नाहीस."

खाली येऊन काकूंनी टीव्हीचा स्वतःचा रिमोट शोधला, वाहिन्या बसवल्या, आणि तो बाईंच्या हातात देताना त्यांचे बोट धरून वरच्या उंच बटणावर टेकवले, जणू रिमोट देता देता सहज हात लागला. बाईंनी बटण दाबले. बातम्या देणाऱ्या माणसाचा भरदार आवाज खोलीभर झाला. पुन्हा दाबले, कोणी तरी गाऊ लागले. पुन्हा दाबले, पुन्हा पहिला आवाज.

"शाबास, आई!" मुलगा म्हणाला. "पास. फर्स्ट क्लास." त्याने घड्याळ पाहिले, आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मोबाइलवर कोणाला तरी हसत हसत काही सांगत जिना उतरून गेला. 'केबलकाकू' हा शब्द खालपर्यंत ऐकू येत होता. कावळा त्याच्या मागोमाग पेटी खांद्यावर घेऊन निघाला.

दोघीच उरल्या. बाईंनी आवाज थोडा कमी केला.

"कधीपासून?" काकूंनी विचारले.

"गेल्या वर्षापासून. आधी अक्षरं गेली. आता माणसं जातायत. पण घर पाठ आहे मला, वहिनी. तिथे बाराव्या मजल्यावर पुन्हा नव्याने पाठ करायचं वय नाही."

"उद्या सकाळी तयार राहा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय."

"मी नाही यायची."

"तुम्हाला कोण नेतंय? मला दाखवायचंय. तुम्ही सोबतीला चला. आणि आलोच आहोत म्हणून ते तुमचेही डोळे बघतील. बरं वाईट काही निघालं, तर मुलाला तुम्ही सांगायचं, तुमच्या वेळेला. मी नाही."

बाईंनी काकूंच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले.

"तुम्हाला येतं ना ते यंत्र?"

"येतं."

"मला वाटलंच होतं. न येणारा माणूस एवढ्या तपशिलाने शिव्या देत नाही." त्या हसल्या, आणि मग हसू हळूहळू ओसरले. "त्या दिवशी कचेरीत, वहिनी, शाईची बाटली—"

"हात लागून पडली नव्हती," काकू म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं."

बाईंनी मान हलवली. खुर्चीच्या हातावर त्यांनी बोटाने एक आडवी रेघ ओढली, वहीत बेरीज पुरी झाल्यावर ओढतात तशी.

"मग फिटलं म्हणायचं?"

काकू दारापर्यंत पोचल्या होत्या. त्या वळल्या, आणि त्या नजरेला आपला चेहरा दिसत नाही हे माहीत असूनही, चेहरा नीट करूनच त्यांनी उत्तर दिले.

"फिटलं, बाई. सगळं."